शेड एकच, रंग दोन!

मेटॅलिक पावडर कोटिंग केलं की विषय संपला, असं आम्हालाही वाटलं होतं. मग सोळा खुर्च्या एका रंगाच्या आल्या आणि आठ भलत्याच. पुढचा आठवडा आम्ही भोसरीत काढला, आणि चकाकणाऱ्या रंगाबद्दल कोणी सांगत नाही ते सगळं तिथे कळलं.

दुपारचे चार वाजलेत. बाणेरमधल्या एका नव्याकोऱ्या कॅफेची गच्ची. उद्घाटनाला अजून बारा दिवस. माझी रूममेट चोवीस खुर्च्या मांडते, चार पावलं मागे सरकते, डोळ्यांवर हात धरून बघते आणि एकदम गप्प होते. ती गप्प झाली की समजायचं, काहीतरी सॉलिड बिनसलंय.

खुर्च्या होत्या लोखंडी पाइपच्या, रंग ‘शॅम्पेन मेटॅलिक’. म्हणजे सोनेरीही नाही, चंदेरीही नाही, मधलंच काहीतरी महागडं दिसणारं. सोळा खुर्च्या अगदी तशाच होत्या. उरलेल्या आठ मात्र आषाढातल्या आभाळासारख्या. राखाडी, जरा मळकट. त्यातल्या दोघींच्या कडा मधल्या भागापेक्षा गडद, जणू कुणी पेन्सिलीने बॉर्डर मारलीय. गंमत म्हणजे आदल्या दिवशी वर्कशॉपच्या ट्यूबलाइटखाली आम्ही दोघींनी याच खुर्च्या बघून ‘मस्त!’ म्हणून माना डोलावल्या होत्या.

कॅफेचा मालक वर आला. त्याने एकच प्रश्न विचारला, ‘‘या आठ दुसरीकडून आणल्या का?’’ आणि उरलेलं पेमेंट थांबलं.

आता थोडा फ्लॅशबॅक. रूममेट इंटिरिअर डिझायनर. चार वर्षं एका फर्ममध्ये दुसऱ्यांच्या नावावर कामं केली, मग राजीनामा टाकून स्वतःचं सुरू केलं. हे तिचं पहिलं काम. फर्निचरमध्ये तिने स्वतःचे पैसे अडकवलेले. घराच्या भाड्याचा तिचा वाटा त्या महिन्यात मी भरणार होते, म्हणजे इंटरेस्ट माझाही होता म्हणा ना!

तुम्ही म्हणाल, खुर्ची ती खुर्ची, बसायला मिळाल्याशी मतलब. पण तुमच्या सोसायटीत कुणाची तरी सिल्व्हर गाडी असेलच, जिचा एकच दरवाजा ठोकर बसून परत रंगवलाय. दिसतो ना लांबूनही? कंपनीचाच रंग, तोच कोड, तरी तो दरवाजा ‘मी नवीन, मी नवीन’ असं ओरडत असतो. म्हणून चांगला पेंटर नुसत्या दरवाजावर थांबत नाही, शेजारच्या पॅनलवरही रंग हळूहळू विरवत नेतो. गाडीचा रंग ओला असतो, आमचा पावडरचा. पण दुखणं सेम.

भांडायला गेलो, शाळेत बसलो

दुसऱ्या दिवशी गुरुवार, म्हणजे भोसरी एमआयडीसीला सुट्टी. त्यामुळे भांडण शुक्रवारपर्यंत लांबलं आणि रूममेटने वाक्यं पाठ करायला एक दिवस जास्त मिळवला. शुक्रवारी सकाळी दोन खुर्च्या, एक ‘चांगली’ आणि एक ‘वाईट’, टेम्पोत टाकून आम्ही हजर.

वर्कशॉप म्हणजे उंच पत्र्याची एक लांबलचक शेड. (शेडमध्ये शेड बिघडली, हा पीजे मी तेव्हा गिळला.) एका बाजूला ओळीने सात टाक्या. लोखंडाचा जॉब आधी यात बुचकळून निघतो: तेलकटपणा काढायचा, धुवायचा, गंज काढायचा, पुन्हा धुवायचा, मग फॉस्फेटचा थर, असं करत. हा फॉस्फेटचा थर रंगाला धरून ठेवतो आणि गंजाला लांब. मग जॉब हुकला टांगून बूथमध्ये. तिथे गनमधून पावडर उडते. गनच्या टोकाला हजारो व्होल्टचा चार्ज, जॉबला अर्थिंग. त्यामुळे पावडर जाऊन त्याला चिकटते, अगदी पाठीमागेही थोडी वळून बसते. शेवटी ओव्हन. साधारण १८० ते २०० डिग्रीला पावडर वितळते, पसरते आणि कडक होते. थिनर नाही, वास नाही, ओघळ नाहीत. १९५० च्या दशकात जर्मनीत एर्विन गेमर यांनी गरम वस्तू पावडरमध्ये बुडवण्याची पद्धत काढली, नंतरच्या दशकात गन आली, आणि आज तुमच्या ऑफिसच्या फाइल कपाटापासून एसीच्या डब्यापर्यंत सगळीकडे हेच आहे.

साध्या रंगाला हे सगळं जवळजवळ डोळे झाकून चालतं. पांढरा म्हणजे पांढरा. थर थोडा कमीजास्त झाला तरी कुणाला कळत नाही. मेटॅलिक मात्र महा नाटकी.

वर्कशॉपच्या मालकांनी (आम्ही त्यांना काका म्हणायला लागलो ते त्या दिवसापासूनच) रूममेटची पाठ केलेली वाक्यं शांतपणे ऐकली. मग दोन्ही खुर्च्या उचलून बाहेर उन्हात ठेवल्या आणि म्हणाले, ‘‘ताई, आता यांच्याभोवती एक चक्कर मारा.’’

मारली. समोरून बघितलं तर फरक ढळढळीत. बाजूला सरकलं तर निम्मा. एका विशिष्ट जागी उभं राहिलं तर दोन्ही जवळपास सारख्या! आईची धूपछाँव पैठणी आठवली. पदर हलवला की मोरपिशी, पुन्हा हलवला की जांभळी. तिथे ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. इथे काय?

इथे चकत्या. मेटॅलिक पावडरमध्ये रंगाच्या कणांबरोबर अल्युमिनियमच्या अतिपातळ चकत्या असतात, काही शेड्समध्ये अभ्रकाच्या. प्रत्येक चकती हा एक छोटा आरसा. आरसे सपाट झोपले तर उजेड थेट तुमच्याकडे परत येतो, रंग उजळ. तिरपे किंवा उभे राहिले तर उजेड भलतीकडे, रंग काळवंडलेला. आणि मुळात आरसेच कमी आले तर नुसता खालचा रंग दिसतो. म्हणून मोठ्या कंपन्यांमध्ये मेटॅलिकचा रंग तपासणारं यंत्र एका कोनातून बघत नाही. १५, ४५, ११० अशा वेगवेगळ्या कोनांतून मोजतं.

थोडक्यात, तुम्ही डब्यातून रंग विकत घेत नाही. तुम्ही आरसे विकत घेता. ते कसे झोपणार, हे ठरतं वर्कशॉपमध्ये.

चिवडा की चिक्की?

मग काकांनी विचारलं, ‘‘दिवाळीचा चिवडा डब्यात आठवडाभर राहिला की शेवटी खाली काय उरतं?’’

मीठ, मसाला, डाळं. वर नुसते पोहे.

स्वस्तातली मेटॅलिक पावडर अशीच बनते. रंगाची पावडर आणि चकत्या नुसत्या एकत्र ढवळलेल्या. ड्राय ब्लेंड म्हणतात त्याला. डब्यात ठीक दिसतं, पण गनमधून बाहेर पडताना दोघांचे स्वभाव वेगळे. धातूची चकती चार्ज वेगळा घेते, वजन वेगळं, आकार चपटा. ती रंगाच्या कणाबरोबर एका वेगाने, एका वाटेने जातच नाही. कुठे चकत्या जास्त, कुठे कमी. कडांना विजेचं क्षेत्र जोरदार, म्हणून तिथे वेगळंच काहीतरी गोळा होतं आणि फ्रेम केल्यासारखी बॉर्डर दिसते. आमच्या दोन खुर्च्यांवरची पेन्सिल ती हीच.

दुसरा प्रकार बाँडेड. यात रंगाची पावडर जेमतेम मऊ होईल इतकी तापवून चकत्या तिच्या कणांना चिकटवतात. चिवड्याऐवजी चिक्की म्हणा. दाणा आणि गूळ एकत्रच प्रवास करणार. पूर्णपणे नाही, काही चकत्या सुट्या राहतातच, पण फरक जमीन-अस्मानाचा. किंमतही अर्थात जास्त.

मग प्रश्न आला तो रिकव्हरीचा. फवारलेली सगळी पावडर जॉबवर बसत नाही. उरलेली बूथमध्ये पडते, ती गोळा करून, चाळून परत वापरतात. साध्या रंगात हा पावडर कोटिंगचा मोठा फायदा. फुकट काही जात नाही. मेटॅलिकमध्ये मात्र जॉबवर चकत्या एका प्रमाणात बसल्या, म्हणजे खाली पडलेल्यात प्रमाण बदललेलं असणार. ती पावडर परत फवारली की शेड सरकली. पुन्हा गोळा केली, पुन्हा फवारली, अजून सरकली.

‘‘मग तुम्ही आमच्या खुर्च्यांना रिकव्हरी का वापरली?’’ रूममेटचा आवाज चढला. हाच तिचा हुकमाचा एक्का होता.

काकांनी मोबाइल काढला, मागे मागे गेले आणि स्क्रीन तिच्यासमोर धरली. तिचाच मेसेज होता. आधी कॅफेला सोळाच खुर्च्या हव्या होत्या. दीड महिन्याने आणखी आठ वाढल्या, तेव्हाचा. ‘काका आठच आहेत, नवा डबा नका उघडू, उरलेल्या पावडरमध्ये बसवा ना प्लीज, रेट थोडा कमी करा.’ खाली दोन हात जोडलेले.

त्याखाली काकांचं उत्तर: ‘मॅडम शेड थोडी हलेल.’ आणि तिचं: ‘चालेल.’

मला वाटतं तो क्षण त्या आठवड्यातला सगळ्यात वाईट होता. गच्चीवरच्या चार वाजल्यापेक्षाही. तिने ‘चालेल’ लिहिलं तेव्हा मी शेजारीच बसले होते, आणि ‘कर गं, कुणाला कळतंय’ हे माझं वाक्य होतं. तेही सांगून टाकते.

एक वीत, चार बोटं

पण खरं सांगायचं तर सगळा दोष रिकव्हरीचाही नव्हता. काका जुन्या नोंदी काढत गेले तसे एकेक धागे सुटले. पहिल्या सोळा खुर्च्या मामांनी मारल्या होत्या. मामा म्हणजे तिथले सगळ्यात जुने ऑपरेटर, लातूरकडचे. दुसऱ्या वेळी मामा गावी गेलेले, गन दुसऱ्या पोराच्या हातात. पहिल्या वेळी खुर्च्या पाठीवरून टांगल्या होत्या, दुसऱ्या वेळी पायांवरून, उलट्या. हुकांवर जुन्या रंगाची पुटं चढलेली, त्यामुळे अर्थिंग कच्चं. आणि अर्थिंग कच्चं म्हणजे पावडर नीट बसत नाही, मग ऑपरेटर जास्त वेळ मारत राहतो. थर मोजायचं छोटं मीटर काकांनी खुर्चीवर ठेवलं. चांगल्या खुर्चीवर सगळीकडे ६० ते ८० मायक्रॉन, म्हणजे साधारण केसाच्या जाडीएवढा थर. वाईट खुर्चीवर एका पायाला ५०, पाठीला ११०. जाड थरात चकत्यांना वितळताना हलायला, उभं-आडवं व्हायला जागा जास्त. पातळ थरात त्या दाटीवाटीने सपाट. एकाच खुर्चीवर दोन हवामानं.

मामांना विचारलं, तुमचं सिक्रेट काय? ते लाजले. मग गन उचलून दाखवलं. जॉबपासून गनचं अंतर एक वीत चार बोटं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढंच. हात रांगोळी घालताना जसा चालतो तसा, न थांबता. चिमूट वर गेली की रेघ फुटते, खाली आली की ढीग होतो, इथेही तेच. आधी आतले कोपरे, जोड, वेल्डिंगच्या खाचा, कारण तिथे पावडर सहजी शिरत नाही. मग मोकळे पाइप. आणि एकदा हात फिरवला की ‘इथे जरा कमी वाटतंय’ म्हणून मागे येऊन ठिगळ लावायचं नाही. साध्या रंगात ठिगळ लपतं. मेटॅलिकमध्ये ढगासारखं उमटतं.

मग केलं काय?

पहिली आयडिया अर्थातच माझी: त्याच आठ खुर्च्यांवर वरून अजून एक हात मारा! काका हसले. आधीचा थर विजेला अडवतो, त्यामुळे नवी पावडर नीट बसत नाही, पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. वर थराची जाडी दुप्पट, म्हणजे शेड तिसरीच.

दुसरी आयडिया रूममेटची: आठ सोलून पहिल्या सोळांशी मॅच करा. काकांनी यालाही नकार दिला, आणि हे मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलं. म्हणाले, नवी पावडर वेगळ्या बॅचची येणार. बॅच बदलली की साध्या रंगातही केसभर फरक असतो, मेटॅलिकमध्ये तो केस दोरखंड होतो. ‘‘मी मॅच करीन असं म्हणू शकतो. पण मॅच होईल असं म्हणू शकत नाही.’’

उरला एकच मार्ग. चोवीसच्या चोवीस सोला, आणि एका दिवसात, एका डब्यातून, एका गनने, एका हाताने मारा. रूममेटने डोळे मिटले, मनातल्या मनात हिशोब केला आणि हो म्हणाली. मजुरीचा निम्मा भाग काकांनी स्वतःच्या अंगावर घेतला, कारण हुक आणि टांगणी ही त्यांची चूक होती. पावडरचे पैसे तिचे.

यावेळी बाँडेड घेतली. वीस किलोचा नवा, सीलबंद डबा. कागदावर एक किलो पावडरमध्ये ६० मायक्रॉनचा थर दहा-अकरा चौरस मीटरवर बसतो. प्रत्यक्षात पाइपच्या खुर्चीवर अर्धी पावडर पाइपांच्या मधूनच पलीकडे जाते, आणि रिकव्हरी वापरायची नाही म्हटल्यावर ती गेलीच. हे गणित डोळ्यांसमोर बघताना पोटात कालवतं.

पुढच्या बुधवारी आम्ही दोघी सुट्टी टाकून तिथेच बसलो. आधी त्याच पाइपच्या एका तुकड्यावर सॅम्पल मारलं. शेडकार्डवरची चिप बघून हो म्हणायचं नाही, हे आता पाठ झालं होतं. ती चिप सपाट, छोटी आणि कंपनीच्या लॅबमध्ये बनलेली. आमचं सॅम्पल उन्हात नेलं, सावलीत नेलं, हातभरावरून बघितलं, दहा पावलांवरून बघितलं. मामांनी अजून दोन तुकडे मुद्दाम बनवले, एक किंचित उजळ, एक किंचित गडद. ‘याच्यापलीकडे गेलं तर रिजेक्ट’ अशी हद्द. तिघांवर रूममेटने सही केली.

मग हुक घासून लख्ख. सगळ्या खुर्च्या एकाच दिशेने टांगलेल्या, ओव्हनमध्ये प्रत्येक खेपेला सहाच. पावडर हॉपरमध्ये हवेवर उकळी आल्यासारखी खदखदत ठेवायची, पण बेताने; हवा फार झाली तर चकत्या तिथेच वेगळ्या होतात. गनवरचा व्होल्टेज एकदा लावला की त्याला कुणी हात लावायचा नाही. पोरांनी जेवायची सुट्टी मागितली तर काका म्हणाले, बारा मारून होऊ देत, लॉट मध्ये तोडायचा नाही. ओव्हनचं घड्याळसुद्धा ओव्हन तापल्यावर नाही, तर लोखंड स्वतः तापल्यावर सुरू. मी विचारलं, पावसाळ्यात काय करता? तर डबा बंद खोलीत, कोरड्या हवेत, आणि कॉम्प्रेसरच्या हवेतलं पाणी काढायला फिल्टर. दमट पावडरचे गोळे होतात आणि गन थुंकते.

वरून क्लिअर कोट मारायचा का, यावर मात्र वाद झाला. अल्युमिनियमच्या चकत्या पृष्ठभागाजवळ असतील तर हात लागून, पुसून काळपट पडतात, आणि अल्युमिनियमला आम्लही सोसत नाही, क्षारही नाही. कॅफेत लिंबू सोडा सांडणार आणि पोऱ्या त्यावर कडक फिनाइलचं फडकं मारणार, हे लिहून घ्या. म्हणून क्लिअर कोट हवाच, असं काका. पण त्याने चमक बदलते, शेड जरा खोल जाते, असं रूममेट. तिच्याशी मी सहमत होते. नुसती चमक बघून ठरवलं असतं तर आम्ही जिंकलो असतो. शेवटी सॅम्पलवरच क्लिअर मारून बघितला, पुन्हा उन्हात नेला आणि गुपचूप हो म्हटलं. पहिल्या सोळांना क्लिअर नव्हताच. म्हणजे त्याही वर्षभरात हात लागून लागून वेगवेगळ्या वेगाने काळवंडल्याच असत्या.

तुम्हाला कधी बाइकची अलॉय व्हील्स, घराची ग्रिल किंवा स्टडी टेबलचा स्टँड मेटॅलिकमध्ये करायचा असेल तर एवढं करा: सगळे तुकडे एकदम न्या, अगदी पुढे लागेल असं वाटणारा जास्तीचा एकसुद्धा. पावडर बाँडेड आहे का, हे विचारा. रिकव्हरी चालणार नाही, हे आधीच सांगा, आणि मग रेटवरून घासाघीस करू नका. आणि सॅम्पल दुपारी बघा, संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर ट्यूबलाइटखाली नको!

उद्घाटनाच्या तीन दिवस आधी खुर्च्या गच्चीवर गेल्या. वेळ मुद्दाम चारची. मालकाने एक चक्कर मारली, दुसरी मारली, खाली वाकून एका खुर्चीच्या पायाकडे बघितलं आणि विचारलं, ‘‘यातल्या त्या आठ कुठल्या?’’

रूममेटने उत्तर दिलं नाही. चेक दुसऱ्या दिवशी आला.

फॅब्रिकेटरने तेव्हा चोवीसच्या जागी पंचवीस खुर्च्या बनवल्या होत्या. दुसऱ्या लॉटबरोबर रंगलेली ती जादाची खुर्ची सोलायला द्यायचं आम्ही विसरलो. ती आता आमच्या बाल्कनीत असते. सकाळी शॅम्पेन, दुपारी पावसाळी ढग. तिच्यावर ओले टॉवेल वाळतात, आणि काका एकदा चहाला आले तेव्हा नेमके तिच्यावरच बसले.